काळं लावलं का?

३ मार्च, मंगळवार

बंद गाडी आपोआप सुरू झाली! आणि मी कमरेपर्यंत तिच्या आत!

पांढरी हायब्रिड, बॅटरी नि पेट्रोल दोन्हीवर चालणारी. मागची काच फुटलेली – शिडी पडली म्हणे छपरावरून. ही काच फुटते तेव्हा तडा जात नाही, सरळ दाणे दाणे होतात, आणि हे दाणे कुठे कुठे जाऊन बसतात ते देवाला ठाऊक. सीटच्या फटीत व्हॅक्यूम घालून बसले होते. गिऱ्हाइकाने चावी काउंटरवर ठेवली, गाडीचा जराही आवाज नाही, म्हणजे बंदच असणार असं मी धरून चालले. ती चालूच होती. एसीसुद्धा चालू. बॅटरी उतरली, तसं इंजिन एकदम गुरगुरलं. मी अशी उसळले की डोकं छताला आपटलं. टेंगूळ आलंय. शेजारचे पंक्चरवाले काका हसून हसून लोळायचे बाकी राहिले.

हायब्रिडला हात लावायची माझी दुसरीच वेळ. मागच्या सीटखाली केवढी ती बॅटरी, केशरी तारा – त्यांची आधीच धास्ती. बंद करायला कुठलं बटण दाबावं आणि दाबल्यावर काय होईल, काही सुचेना. पळत समोर न्हाव्याकडे गेले. माझं गिऱ्हाईक तिथे फेस लावून बसलेलं. "येतो ताई, एवढा एक गाल होऊ द्या." गाल होईपर्यंत त्याच्या जुळ्या मुली मला दात दाखवत होत्या. एकीचा पुढचा पडलाय, दुसरीचा हलतोय. एवढाच काय तो दोघींत फरक.

परत आलो, त्याने गाडी बंद केली. अप्पा तिथेच लाकडी घोडीवर ठेवलेल्या नव्या काचेपाशी उभे. शहाण्यासारखे. मग पुढचं काम झालं. काकांनी एक बाजू धरली, मी एक. काच बसली. चार तास गाडी हलू दिली नाही, पाण्याचा पाइप मारून बघितलं – थेंब आत नाही. संध्याकाळी जुळ्यांचे बाबा गेले. उद्या पहाटे निघणार, मुलींची आई धरणावर इंजिनीअर आहे, तिच्याकडे दहा दिवस.

अप्पांचा उजवा अंगठा काळा होता. कापल्याच्या जुन्या खुणेतसुद्धा काळं गेलेलं. परत चपलांना पॉलिश! सकाळपासून तिसऱ्यांदा. मी ओरडले, स्वतःच्या बापावर. ओरडायला नको होतं.

४ मार्च

एप्रन धुवायला काढला. खिशात ब्रश. नवा. कागदसुद्धा फाडलेला नाही.

४ मार्च, दुपारी

सकाळची ओळ लिहून उठले, दुकान उघडलं, आणि तासभर नुसती खुर्चीत बसून राहिले.

नीट लिहून काढते. नव्या काचेच्या कडेला प्रायमर लावावा लागतो. आमच्याकडे त्याला 'काळं' म्हणतात, अप्पांनी पाडलेलं नाव. काळं लावायचं, वाळू द्यायचं, मग सीलंट, मग काच बसवायची. काळ्याशिवाय सीलंट काचेला धरत नाही. म्हणजे धरतं – तीच तर फसगत! चार दिवस धरतं, आठ दिवस धरतं, पाणी मारलं तरी गळत नाही. मग उन्हाने तापून एका कोपऱ्यातून सुटायला लागतं. एका कामाला एक नवा ब्रश, वापरला की टाकायचा. काल एकच काम होतं. आणि ब्रश माझ्या खिशात, कोरा.

आठवून बघते. काच पुसली – हो. पालथी करून घोडीवर ठेवली – हो. खिशात ब्रश टाकला – हो. तेवढ्यात सीटच्या फटीत दाणे चमकले म्हणून आत वाकले. गुरगुर. टेंगूळ. न्हावी. फेस. दात. परत आले. मग – सीलंटची बंदूक माझ्या हातात आहे.

मधलं काही नाही. कितीही डोकं खाजवलं तरी नाही.

काळ्याचा डबा हलवून बघितला. पत्र्याचा डबा, आधीपासून फोडलेला. थोडं कमी झालं असेल तर कसं कळणार!

काकांना विचारलं, "काल काच धरली तेव्हा कडेला काळं होतं का हो?" तर म्हणाले, "अगं, काचेच्या कडेला काळंच असतं की!" खरं आहे. कारखान्यातूनच काळी पट्टी येते. तिच्यावर काळं लावलं काय नि न लावलं काय, काकांसारख्याला कळायचं नाही. बाहेरून तर मलाही कळायचं नाही.

जुळ्यांच्या बाबांना फोन केला. लागत नाही. मेसेज टाकला – 'काचेचं जरा एकदा बघायचं आहे, सवडीने फोन करा.' सवडीने! माझी मलाच लाज वाटली, पण दुसरं लिहायचा धीर झाला नाही.

५ मार्च

मेसेज पोचलेला नाही.

अप्पांना विचारायचा मूर्खपणा केला. "अप्पा, परवाच्या गाडीला मी काळं लावलं का?" ते म्हणाले, "कुठली? बस?" मग बसची गोष्ट. माझ्या जन्माआधीची आहे. कोणा दुसऱ्या कारागिराने घाईत बसवलेली मागची काच, चढावर बस हिसकली आणि काच अख्खी निघून मागच्या स्कूटरवाल्यावर. ही गोष्ट अप्पांना अजून शब्दन् शब्द पाठ आहे. मी कोण ते आठवत नाही – सध्या मी 'अक्का', त्यांची थोरली बहीण, जी जाऊन वीस वर्षं झाली. पण स्कूटरचा रंग आठवतो. हिरवा.

आज नेमकी ती गोष्ट नको होती.

६ मार्च

आमची एक रीत होती. मी कामाला लागले तेव्हापासूनची. अप्पा ओरडायचे, "पुसलं?" मी ओरडायची, "पुसलं!" "काळं?" "काळं!" "वाळलं?" मग ते स्वतः येऊन कोपऱ्यात अंगठा टेकवून बघायचे. मी घड्याळ लावते, त्यांचा घड्याळावर विश्वास नाही. गिऱ्हाइकं हसायची, ही काय बाप-लेकींची कवायत! पण चोवीस वर्षांत एक काच परत आली नाही.

दोन वर्षांपासून अप्पा ओरडायचे थांबले. मीच दोन्ही बाजू म्हणायची, मनातल्या मनात. मंगळवारी म्हटलं का? म्हटलं असतं तर आठवलं असतं.

आज सरळ मेसेज लिहिला. 'माझ्याकडून काम अर्धवट राहिलं असण्याची शक्यता आहे. मागची काच सुटू शकते. मुलींना मागे बसवू नका. गाडी शक्यतो चालवूच नका. चूक माझी आहे.' पाठवला. तोही तिथेच अडकला.

मग धरणाच्या ऑफिसचा नंबर शोधून फोन. पलीकडे कोणी गेटवरचा माणूस. बाईंचं नाव सांगा म्हणाला. मला कुठे माहीत! "इंजिनीअर आहेत, जुळ्या मुली आहेत, एकीचा दात पडलाय." "ताई, इथे साडेतीनशे माणसं आहेत, मी दात मोजत नाही." तरी निरोप लिहून घेतला. मी परत वाचून दाखवायला सांगितला. त्याने 'मागचा काच' असं वाचलं. असू दे.

७ मार्च

थोरलीचा फोन. (माझी बहीण. मी तिला सगळं सांगत नाही, पण ती काढून घेते.) "तू अप्पांना दुकानात नेतेस, तिथेच तुझं लक्ष जातं. घरी ठेव त्यांना. एक दिवस काहीतरी करून बसतील, मग कळेल." मी म्हटलं, करून मीच बसले आहे. मग ती हळूच म्हणाली, "तुला पण हल्ली आठवत नाही ना गं? मागच्या महिन्यात माझा वाढदिवस…"

तिने तेवढ्यावर सोडलं, मी नाही सोडलं. दिवसभर तेच.

अप्पांचंही असंच सुरू झालं होतं. एका ट्रकच्या काचेला रबर बसवायचं राहिलं. नुसतं राहिलं! सगळे हसले, अप्पाही हसले. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. मी एकोणपन्नासची आहे.

वाढदिवस विसरले. गॅसवर दूध दोनदा उतू गेलं. परवा 'चिमटा' शब्द सुचेना, काकांना म्हटलं, "ते द्या ना, पकडायचं." आणि आता हे. लिहून ठेवलं की कमी भीती वाटेल म्हणून लिहिलं. चार ओळी एकाखाली एक बघून जास्तच वाटतेय.

८ मार्च, रविवार

फोन लागला! बारा सेकंद! "हॅलो, ताई, रेंज नाही – काच – मागून शिट्टीसारखा आवाज – चढावर –" गेला.

शिट्टी. मागून. चढावर.

पन्नास वेळा लावला. नाही लागला.

वारा शिरतोय म्हणजे कोपरा सुटलाय. मुली मागे बसून काचेवर बोटाने चित्रं काढत असतील. न्हाव्याच्या आरशावर काढत होत्या तशीच.

९ मार्च

जायचं ठरवलं होतं. आठ तासांचा रस्ता. अप्पांना कुठे ठेवू? थोरलीला म्हटलं दोन दिवस ये. तिच्याकडे परीक्षा आहेत, नवऱ्याची दुखरी पाठ आहे, सगळं आहे. मी फोन आपटला. मग परत उचलून नीट ठेवला. थोरली वाईट नाही. तिला अप्पांची भीती वाटते. त्यांनी तिला ओळखलं नाही त्या दिवसापासून.

अप्पांना घेऊनच जावं? मागच्या वेळी लांबच्या प्रवासात त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडलं होतं. नाही.

धरणावर परत फोन. आज दुसरा माणूस. "वहीत निरोप दिसतोय. कोणी नेला का ते लिहिलेलं नाही."

काकांना आज सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "काही झालं असतं तर आतापर्यंत कळलं असतं." ही समजूत आहे की काय आहे!

१० मार्च

आजपासून अप्पा घरी. शेजारच्या वहिनी अधूनमधून डोकावतील. अप्पांच्या हातात वर्तमानपत्र दिलं, दाराला कडी लावली, आणि कडीच्या आवाजावर त्यांनी आतून विचारलं, "अक्का, काम आहे ना आज?" जिना उतरताना रडू आलं.

दुकानात दोन कामं आली. एक आरसा, एक पुढची काच. पुढच्या काचेला काळं लावलं, मोबाइलवर फोटो काढला, वहीत लिहिलं, काकांना बोलावून दाखवलं. वाळताना पुन्हा शंका आली म्हणून पुन्हा लावलं. काका म्हणाले, "आता मलाच रंगवतेस की काय!" हसले थोडी. बऱ्याच दिवसांनी.

११ मार्च

वहिनींचा फोन साडेअकराला. अप्पा घरात नाहीत! कडी वहिनींनीच काढली होती, जरा हवा यावी म्हणून. शटर तसंच टाकून पळाले. कोपऱ्यावर वळले तर अप्पा समोरून येताहेत. स्वच्छ शर्ट, चकाचक चपला, दुकानाच्या रस्त्याला. तीन चौक ओलांडून, सिग्नलला थांबून!

"अक्का, उशीर झाला," म्हणाले. मी हात धरला आणि दुकानात आणून बसवलं. थोरलीला काय सांगायचं ते बघू.

त्यांचा हात धरला तेव्हा दिसलं, अंगठा अजून तसाच आहे. साबणाने घासला तरी जाईना. त्या पॉलिशमध्ये काय घालतात कोण जाणे.

१२ मार्च

काही नाही. फोन नाही. रस्त्यावरून पांढरी गाडी गेली की मान वळते.

१३ मार्च, शुक्रवार

आले! दुपारी दोनला पांढरी गाडी दारात, काच जागेवर, दोन्ही मुली धडधाकट. आता दोघींचाही एकेक दात पडलाय. म्हणजे कोण कुठली ते आता कळणार नाही. मी घोडीवर बसले.

निरोप त्यांना नऊ तारखेला मिळाला होता, पण रेंजअभावी उलट फोन लागला नाही. जुळ्यांचे बाबा रागात होते. बरोबरच आहे. "ताई, येताना मुली पुढे, सोबत आलेल्या त्यांच्या आजीच्या मांडीवर, आणि मी चाळीसच्या वर गेलो नाही. बायकोने मला काय काय ऐकवलं असेल!" मी हात जोडले. म्हटलं, आधी शिट्टी दाखवा.

शिट्टी काचेतून नव्हतीच. मागच्या दाराच्या रबरात बाहुलीचा मोजा अडकला होता. दात-पडकी नंबर एक म्हणाली, "मीच ठेवला, तिला थंडी वाजत होती." काका तोंड फिरवून हसले.

पण मोजा निघाला म्हणून काळं लावलंय असं होत नाही. मी म्हटलं, खालचा कोपरा कापून बघते, मन शांत होऊ दे, काळं नसेल तर अख्खी काच आजच काढून नवी बसवते. गाडी बंद केल्याचं त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. आतलं प्लास्टिक काढलं. सीलंट कापायची तार घातली, मी आतून, काका बाहेरून. काळं नसतं तर वीतभर कोपरा हातासरशी सुटला असता. हा सुटेना! काकांनी दुसऱ्यांदा तळहातावर थुंकून तार धरली. शेवटी सीलंट मधोमध फाटलं. काचेचं काचेला चिकटून राहिलं, पत्र्याचं पत्र्याला. असंच फाटायला हवं.

छोटा आरसा आत धरला, टॉर्चचा उजेड पाडला. काळं होतं. कडेपर्यंत, चकचकीत, एकसारखं. मला रडू फुटलं, मुलींसमोर.

मग नीट बघितलं. काळ्यात एक केस अडकला होता. ब्रशचा. माझ्या ब्रशला केस नसतात, स्पंज असतो. केसांचा ब्रश दुकानात एकच आहे, अप्पांच्या जुन्या पेटीत, मी कधीपासून टाकून देईन म्हणते तो.

आणि कोपऱ्यात, जिथे वाळलं का ते बघायचं असतं तिथे, अंगठ्याचा ठसा. मधोमध आडवी रेघ, कापल्याच्या खुणेची.

मी बाहेर आले. अप्पा स्टुलावर बसले होते, मुलींकडे बघत. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. शेवटी तोंडातून तेच निघालं, "काळं?"

अप्पांनी वर बघितलं. "काळं," म्हणाले. "वाळलंय. बसव पोरी."

दोन वर्षांत पहिल्यांदा अक्का नाही म्हणाले.

कोपरा परत भरला, चार तास थांबवून गाडी सोडली. सगळे खूश. थोरलीला फोन करून सांगितलं, तीही रडली. म्हणाली, रविवारी येते.

१४ मार्च

काळं अप्पांनी लावलं. म्हणजे मी नव्हतंच लावलं. मी परत आले आणि विचारलंही नाही, बघितलंही नाही, सरळ बंदूक उचलली.

सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे अप्पांची वेळ घेतली आहे. आज फोन करून त्यांच्या नावाखाली माझंही नाव लिहायला सांगितलं. दोघं एकदमच जाऊ. परतीचा रस्ता दोघांपैकी एकाला तरी आठवेल.